आवक-जावकच्या उमाळेबाई

उमाळेबाई कुणाचाही अर्ज स्वतः लिहून देत नसत. आमच्या विद्यापीठाच्या मुख्य कचेरीत आवक-जावकच्या खिडकीमागे त्या बसायच्या आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलीला आत बोलावून, आधी पाणी पाजून, कोरा कागद पुढे सरकवायच्या. "तुह्या हातानं लिव. मी लिवलं त मनतील, बाईनं शिकोलं." मुलगी लिहिता लिहिता रडायला लागली की म्हणायच्या, "रड, पण कागद दूर ठेव. शाई पसरते." त्यांना कुणाला थोपटता येत नसे. थोपटायची वेळ आली की त्या टेबलावरची टाचणी उचलून डबीत ठेवत.

बाई मूळच्या अकोल्याकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी सुरतेला आल्या, नवरा गेला आणि त्या तिथल्याच डिंडोली भागात दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. कचेरीत गुजराती बोलायच्या, पण तिच्यातही वऱ्हाडी हेल असायचा. त्यावर सगळे हसायचे, त्याही हसायच्या. तक्रारवाल्या मुली त्यांच्याकडे कधीपासून यायला लागल्या, हे त्यांनाही सांगता येत नसे. कुणी त्यांना ते काम दिलं नव्हतं. खिडकीमागे त्या एकट्याच बाई, म्हणून असेल.

माझी वेळ आली ती नव्वदचं दशक संपता संपता, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी. आमचं घर सुरतेतल्याच नवागामला. वडील कापडाच्या लूमवर कामाला, घरात सगळे अहिराणी बोलणारे, आणि आमच्या गल्लीत एवढी शिकलेली मी पहिलीच. लघुप्रबंधाला मार्गदर्शक म्हणून खुद्द विभागप्रमुख मिळाले, तेव्हा मी पेढे वाटले होते. पुढे ते लघुप्रबंधाचं प्रकरण तपासायला केबिनमध्ये बोलवायचे, दार लोटून घ्यायचे आणि माझा हात हातात घेऊन सोडायचे नाहीत. "नवागामच्या मुलीला इथवर कोणी आणलं?" असं विचारायचे. मार्क त्यांच्या हातात. नापास झाले असते तर घरी स्थळं तयारच होती.

शेवटी एका दुपारी मी अर्ज लिहिला आणि खिडकीवर गेले. बाई जेवायला उठल्या होत्या. त्यांच्या जागेवर बसलेल्या कारकून भाईंनी कागद न वाचताच परत केला. "हेडनी सही क्यां छे, बेन?" नियमच तसा होता, प्रत्येक अर्ज विभागप्रमुखांमार्फत यायला हवा. आणि मी, शाळेपासून नियमाला घाबरणारी मुलगी, खरंच निघाले. ज्या माणसाविरुद्ध अर्ज होता त्याचीच सही आणायला मी जिना चढत होते. आज हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मनात एवढंच होतं, की सही करताना सर अर्ज वाचतील का!

बाईंना त्या भाईंकडून कळलं असावं. गुडघ्यांमुळे त्या वर्षानुवर्षं वरच्या मजल्यावर गेल्या नव्हत्या. त्या दिवशी कठडा धरून, धापा टाकत आल्या आणि केबिनच्या दारापाशी त्यांनी माझ्या हातातला कागद ओढला. हाताला भाताची शितं तशीच होती. "अवं बाई, चोरालेच चावी दाखवाले चालली काय?" एवढंच बोलल्या. खाली येऊन त्यांनी हात धुतले, अर्ज वाचला, सहीशिवाय शिक्का मारला आणि नोंदवहीत नंबर टाकला. कचेरीतले सगळे बघत होते.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर अशा तक्रारींसाठी समिती नेमलेली होती, पण ती कागदावरच. आता नंबर पडल्यामुळे तिला बसणं भाग पडलं. ही गोष्ट घरी पोचली तेव्हा वडील रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आपलं नाव खराब व्हई, पोर. तू घर चाल," एवढं म्हणून ते पाळीवर गेले. सुनावणीला माझ्याबरोबर घरचं कुणी आलं नाही. बाईंनी रजा काढली. बाहेरच्या बाकावर बसून त्या दोन तास फक्त स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलत होत्या. कुठलं तेल, कुठला वैद्य, कोणत्या पायाला जास्त. इतकं कंटाळवाणं बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्याच बोलण्याने मला त्या बाकावर बसवून ठेवलं. माझं नाव पुकारलं तेव्हा म्हणाल्या, "विचारतील तेवढंच सांगजो. खाली पाहू नको. मी बाहेर बसून आहो."

मग त्यांनाही आत बोलावलं. सहीशिवाय अर्ज घ्यायला कुणी सांगितलं, असं विचारलं. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. "नियम मोडला. मी मोडला. पोरीनं नाई मोडला."

मला दुसरे मार्गदर्शक मिळाले. सरांना ताकीद मिळाली म्हणे, ते आपल्या केबिनमध्येच राहिले. उमाळेबाईंना मात्र नियमभंगाचा मेमो मिळाला आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बदली झाली. तिथे खिडकी नव्हती की माणूस नव्हता. चहाच्या वेळी त्यांना हाक मारणं कचेरीने बंद केलं. आधी मी रोज जायचे. मग आठवड्याने. नवे मार्गदर्शक एकदा सहज म्हणाले, "त्या बाईंबरोबर जास्त दिसू नका, उगाच जुनं निघतं," आणि मी ते ऐकलं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. एकदा कँटीनमध्ये मैत्रिणींबरोबर हसत बसले होते, बाई आत आल्या, आमची नजरानजर झाली आणि मी ताटात पाहू लागले. त्यांनी उभ्यानेच चहा घेतला आणि गेल्या.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन डिंडोलीला गेले. कँटीनमधल्या त्या दिवसानंतर आठ महिन्यांनी. माफी कशी मागायची याची रिक्षात तयारी केली होती, पण दार उघडताच रडू फुटलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, टाचणी सापडेना, तेव्हा पेढ्यांच्या पुड्याचा दोरा गुंडाळत बसल्या.

"कायले रडतं? त्या दिशी कँटीनमदी तू हासत होती. मले बरं वाटलं. ज्या पोरी मले इसरल्या, त्यायचं काम झालं असं मी समजतो."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि म्हणूनच मला त्या खोलीत बसवेना. कोपऱ्यात एकच पाट होता, एकच ताट पालथं घातलेलं होतं. "भाकर टाकतो, जेवूनच जाजो," म्हणत त्या गुडघे धरून उठल्या.

मी म्हणाले, बस चुकेल. खरं तर मला त्या दिवशी कुठलीच बस पकडायची नव्हती. बाई म्हणाल्या, "जा मंग, जा," आणि हातातलं पीठ परत डब्यात ओतलं. त्यांची माझी ती शेवटची भेट.