रिकाम्या गाडीला मान

"मागं जा. त्या बाभळीपस्तोर जा. आन् आता नीट चालत ये."

तात्या हे बोलला तवा त्याच्या हातात चहाचा कप व्हता. आवाज चढवला न्हाई त्यानं. मास्तर पोराला चुकलेला पाढा परत म्हणायला लावतो, तसं म्हणला. ओट्यावर त्याची माणसं बसलेली. माझ्यासंगं कंपनीतनं सुटलेल्या बाया मागं थबकलेल्या. भर दुपार. मी त्याच्या बंगल्याच्या फाटकासमोरनं सायकलवर बसून गेले, एवढाच माझा गुन्हा. नवी सायकल व्हती. जरा तोऱ्यात व्हते. उतरायचं ध्यानात राहिलं न्हाई.

आन् मी गेले वो! सायकल ढकलत बाभळीपस्तोर मागं गेले. वळले. मान खाली घालून चालत परत आले. ओट्यावरचा एक जण फिदीफिदी हसला. तात्या म्हणला, "हां. असं." आन् चहा प्यायला लागला.

तात्या म्हंजी आमच्या गावचा बडा बागायतदार. ऊस हाय, कांदा हाय, पण आता खरं पीक माणसांचं. रांजणगावच्या कंपन्यांना लेबर तोच पुरवतो. कोण कामावर जाणार आन् कोण घरी बसणार, त्याच्या एका फोनवर ठरतं. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या मागल्या अंगाला. हायवेला जायला डांबरी एकच, ती त्याच्या फाटकासमोरनं. तिथं आमच्या माणसानं सायकलवरनं उतरायचं, फाटक चालत पार करायचं, मग बसायचं. बोर्ड न्हाई. काठी घेऊन कुणी उभं न्हाई. थोरल्यांचं बघून लेकरं शिकत्यात. बाकीच्या गावाला हा नियम न्हाई बरं का. त्यांची पोरं हॉर्न वाजवीत जात्यात.

जयंतीला आमच्या वस्तीत डीजे लागतो. पोरं निळा गुलाल उधळत्यात, घसा फुटस्तोर घोषणा देत्यात. आन् दुसऱ्या दिवशी तीच पोरं तात्याच्या फाटकासमोर गाडी बंद करून ढकलत नेत्यात. विचारलं तर म्हणत्यात, "जाऊ दे ना ताई, काम त्याच्याकडंच हाय."

घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पा म्हंजी माझे वडील. मला वाटलं, चिडतील. भाकरी मोडता मोडता म्हणले, "मग उतरायचं की माय. चार पावलं चालून पाय झिजत्यात का?"

"तुम्ही कवापस्नं उतरताय, आप्पा?"

हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणले, "सायकल घेतल्यापस्नं."

मला तात्यापेक्षा आप्पांचा राग आला. खरं सांगते, लई आला. पण त्यांचे गुडघे गेलेले, मजुरी सुटलेली. नवऱ्याचं घर सोडून मी लेकीला घेऊन त्यांच्याच दारात आलेली. चूल माझ्या कामावर पेटत व्हती. मग काय करता? गिळलं. दुसऱ्या दिवसापस्नं उतरायला लागले. फाटक आलं की उतर, फाटक गेलं की बस.

कारेगावला हायवे लागतो. सकाळच्या शिफ्टला तिथं नुसती झुंबड. कंपनीच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो, उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली. कंपनीची बस पर्मनंटवाल्यांना, आम्हा ठेक्यावरच्यांना आपली सायकल नाहीतर पाय. सायकलवाल्याला कडंच्या खडीत ढकलत्यात सगळे. तरी मला हायवे बरा वाटायचा. कंटेनरवाला शिवी घालतो, पण सगळ्यांना घालतो. जात विचारून हॉर्न वाजवत न्हाई.

एक दिवस त्याच हायवेवर मी मरता मरता वाचले.

चौकाच्या अलीकडं चहाच्या टपरीपाशी तात्याची पांढरी गाडी उभी व्हती. मला ती दिसली, एवढंच आठवतं. पुढचं मी केलं न्हाई, माझ्या अंगानं केलं. भर रहदारीत ब्रेक दाबला आन् खाली उतरले. मागनं टेम्पो येत व्हता. ब्रेक असा किंचाळला की टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. टेम्पोचं तोंड माझ्या पदराला घासून थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला, तोंडाला येईल ते बोलला.

कंपनीत माझ्या लाईनवर काम करणारी बिहारची सुनीता कडंनं चालत व्हती. ती धावत आली, मला खडीवर ओढलं. "दीदी, पागल हो क्या? बीच रोड में उतर क्यों गई?"

मी बोट दाखवलं. "तात्याची गाडी."

तिनं काचेला डोळे लावून आत बघितलं. "इसमें तो कोई है ही नहीं."

कुणी न्हाई! रिकामी गाडी. पत्रा आन् चार टायर. त्याला मान द्यायला मी मरणार व्हते, माझी लेक उघड्यावर पडणार व्हती. दावं सोडलेलं जनावरबी खुंट्याभवतीच फिरतं, तशी माझी गत झालेली. त्या दिवशी पॅकिंगच्या लाईनवर मी सारखी चुकत व्हते. सुनीताला वाटलं, भ्याले. भीती न्हाई, संताप व्हता. तात्याचा, आप्पांचा, माझा स्वतःचा. शी! असलं जिणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या फाटकातच उभा. मी लांबनं बघितलं. पाय उतरायला लागले, खरंच लागले. मी पायडल दाबलं.

"ए! उतर!"

दाबलं.

तो रस्त्याच्या मधी आला. एक हात कमरेवर, दुसऱ्यात चहाचा कप. त्याला वाटलं, आता थांबतीय. मी ओरडले, "तात्या, बाजूला व्हा! ब्रेक हाय सायकलला. पण मी दाबणार न्हाई!"

तात्या बाजूला झाला. घाईनं झाला. चहा अंगावर सांडला त्याच्या. मागनं शिव्या आल्या, जातीवरनं आल्या. मी वळून बघितलं न्हाई.

कंपनीच्या गेटवर सुपरवायझर माझ्याकडं बघीना. "तात्यांचा फोन आला व्हता. तुझं नाव काढलंय. मी काय करू, सांग?" पास काढून घेतला. सुनीता आतनं बघत राहिली.

वस्तीतली माणसं येऊन गेली. माफी माग म्हणली. केस केलीस तर साक्षीला कुणी येणार न्हाई, तेबी सांगून गेली. मी सगळ्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या सकाळी शिफ्टच्या टायमाला सायकल बाहेर काढली. आप्पा दारात आले. "कुठं निघालीस? काम तर गेलं."

"फाटकासमोरनं जायला."

"आन् मग?"

"मग शिरूरला. काम बघायला. तिथंबी न्हाई मिळालं तर परवा पुण्याच्या बाजूला. मिळंल तिकडं जाईन, आप्पा. पण जाताना बी आन् येताना बी त्याच्या दारावरनं बसूनच जाणार. त्यानं सायकल मोडली तर दुसरी आणीन. मला पाडलं तर पोलीस ठाण्यात जाईन, साक्षीला एकटी उभी राहीन."

आप्पा काय तरी बोलणार व्हते. मी थांबले न्हाई. लेकीला हाक मारली, कॅरिअरवर बसवलं. म्हणले, घट्ट धर, मधी कुठं उतरायचं न्हाई.