पुढे म्हणजे लवकर की उशिरा?

"पुढे म्हणजे? लवकर की उशिरा?"

हेडफोन एका कानावरून सरकवायचा, बोट वर करायचं आणि हा प्रश्न टाकायचा, ही आमच्या टेलिफोन ऑपरेटरबाईंची सवय. समोर मालक असोत की चहावाला. "मीटिंग पुढे गेली" म्हणा, "सुट्टी पुढे घेतली" म्हणा, बोट वर! तुमच्याही ऑफिसात असं एखादं बोट असेल. पण या बोटामागे जे घडलं ते मराठी माणसांतच घडू शकतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. वसई पूर्वेला आमचा पंपांचा कारखाना आणि एक ऑफिस इंग्लंडला. आखातातली गिऱ्हाइकं वसईला फोन करत. इंग्लंडचं ऑफिस उघडलं की आमचं मशीन ते फोन आपोआप तिकडे जोडून देई. ते कधी उघडतं, ही वेळ मशीनमध्ये भरायचं काम बाईंचं. थंडीभर ती दुपारी अडीचची होती. मी हिशेबखात्यात, त्यांच्या शेजारच्या टेबलाला. काम कमी, ऐकणं जास्त.

मार्चअखेर मॅनेजरसाहेब सांगत आले, "इंग्लंडने उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे ढकललंय."

आता आपल्याकडे साखरपुडा पुढे ढकलला की तो उशिराच होतो. बाईंनी अडीचचे साडेतीन केले. साहेबांनी मान डोलावली. मीही डोलावली, माझी मान त्यासाठीच आहे.

आठवड्याच्या आत इंग्लंडचा फॅक्स आला. सकाळी ऑफिस उघडून माणसं बसतात, दोन-दोन तास एकही फोन येत नाही. वसईला जमत नसेल तर टेलिफोनचा बोर्ड दुबईला हलवा.

बोर्ड जाणार म्हणजे बाईंची खुर्ची जाणार. घरात दोन मुली आणि कमावत्या त्या एकट्या. मेकॅनिक म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. वेळेबद्दल कुणी बोललंच नाही. सगळ्यांनाच खात्री असल्यावर विचारणार कोण?

साहेब चुकचुकले. बाई म्हणाल्या, "साहेब, फॅक्सचं उत्तर उद्या द्या. आज नाय."

दुपारी जेवताना त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली.

"भाऊ, तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे?"

"आमच्या विरारच्या फुलपाड्यात सगळ्यांचंच असतं. गाडी चुकू नये म्हणून."

"म्हणजे तुम्ही लवकर निघता?"

"निघतो." पोचतो उशिरा, ते मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

घास तसाच ठेवून त्या उठल्या. "अरे देवा! इंग्लंडवाले विरारकर निघाले की! घड्याळ पुढे, माणूस लवकर!"

हात न धुताच त्यांनी इंग्लंडच्या रखवालदाराला फोन लावला. "मिस्टर, ऑफिस ओपन? नाऊ?" पलीकडून उत्तर आलं, उघडून पाच-दहा मिनिटं झाली. बाईंनी डाव्या हाताने साडेतीनचे दीड केले. पुढचाच फोन थेट इंग्लंडला गेला आणि तिकडून "गुड मॉर्निंग" ऐकू आलं. बाईंनी क्रूस केला आणि मग हात धुतले. बोर्ड दुबईला गेला नाही.

तेव्हापासून बोर्डाजवळ 'पुढे' आणि 'मागे' या शब्दांना बंदी. बाईंनी नियम केला: उन्हाळ्यात डबा, थंडीत चहा. उन्हाळ्यात आपण जेवायला बसतो तेव्हा इंग्लंड उघडतं, थंडीत आपला चहा येतो तेव्हा. मार्चअखेर बाई डबा उघडण्याआधी मशीनची वेळ बदलू लागल्या की आम्ही म्हणायचो, इंग्लंडला उन्हाळा लागला.

पुढे नवं मशीन आलं, ते स्वतःच घड्याळ बदलायचं. तरी बाई निवृत्त होईपर्यंत रखवालदाराला विचारून खात्री करत.

काही वर्षांनी त्यांच्या धाकट्या मुलीचा फोन आला. बाई गेल्या होत्या. चर्चमधल्या अंत्यविधीच्या प्रार्थनेची, मिस्साची, वेळ ठरली. संध्याकाळी तिनेच पुन्हा फोन केला, "काका, उद्याचा मिस्सा तासभर पुढे घेतलाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढे म्हणजे? लवकर की उशिरा?"

पलीकडून हसू आलं, की रडू, कळेना.

"लवकर, काका. लवकर या."

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या पायरीवर पोचलो तेव्हा दारं अजून उघडायची होती. उभ्या जन्मात मी एवढा लवकर कुठे पोचलो नव्हतो. आणि ते बघायला बाई नव्हत्या.