रानशेळीचा पत्ता

पिन्हास थळकर हा मुंबईचा ज्यू, पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस. भायखळ्याला त्याचं दुकान होतं. पुढे बायकोला, जेमायमाला, घेऊन तो ज्यूंच्या नव्या देशात, बेर्शेबाला आला आणि इथेही त्याने पत्र्याचे बोर्डच रंगवले. हिब्रू अक्षरं उजवीकडून सुरू होतात एवढाच काय तो फरक. शिंपी असो नाहीतर दाताचा डॉक्टर, पिन्हासची पाटी वाचून गिऱ्हाईक डोळे मिटून दारात यायचं. पाटीच्या खालच्या अंगाला तो पत्ता असा घालायचा, बोट दाखवणारा हात, शेजारचं झाड, कोपऱ्यावरचा नळ, की चुकायची सोयच नाही. ही मुंबईची सवय. पत्ता नसलेली पाटी म्हणजे त्याच्या लेखी अर्धवट काम, आणि अर्धवट कामाचा त्याला भारी तिटकारा.

सन चौपन्नमध्ये योराम नावाचा शाळामास्तर त्याच्याकडे आला. इथेच जन्मलेला, उन्हात रापलेला, सुट्टी मिळाली की डोंगर भटकणारा. त्याचं म्हणणं असं, की याएल, म्हणजे डोंगरातली रानशेळी, बंदूकवाल्यांनी संपवत आणली आहे. शहरातल्यांनी ती पाहिलेलीच नाही, मग गेली तरी कोणाला काय. तेव्हा तिचं मोठं चित्र बसस्टँडवर लावायचं आणि वर लिहायचं, हिला जगू द्या.

"न बघता मी साध्या चपलेचं चित्रसुद्धा काढत नाही," पिन्हास म्हणाला.

झालं, योरामने त्याला जीपमधून थेट डोंगरात नेलं. दोघं खडकाआड पालथे पडून राहिले. बऱ्याच वेळाने रानशेळी झऱ्यावर उतरली, मागे तिचं करडू. करडाचा पाय घसरला तशी ती थांबली आणि ते सावरेपर्यंत पाण्याला तोंड लावलं नाही. पिन्हासला मूलबाळ नव्हतं. त्याचा जीव त्या करडात अडकला.

"ही दोघं राहिली पाहिजेत. माझं काही का होईना," घरी आल्यावर तो जेमायमाला म्हणाला.

"आधी दोन घास खा, मग जीव ओवाळून टाका," ती म्हणाली.

चित्र काय उतरलं होतं म्हणून सांगू. आई पाणी पिते आहे, करडू तिच्या पोटाला बिलगलं आहे. पण बोर्ड पुरा व्हायच्या आत योरामला फौजेचं बोलावणं आलं, राखीव सैनिकाला दरवर्षी येतं तसं, आणि तो गेला. इकडे पिन्हास बोर्डासमोर बसून राहिला. खाली जागा मोकळी होती, ती त्याला खुपायला लागली. जनावर राहतं कुठे तेच लोकांना कळलं नाही, तर वाचवायला जातील कुणाला? माणसांनी जावं, लांबून बघावं, त्यांनाही माया लागावी. भोळा जीव. त्याने ब्रश उचलला आणि रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड काढला, कोरड्या नदीचं वळण काढलं, तिथली वाकडी बाभूळ काढली, आणि झऱ्याकडे बोट दाखवणारा हात. गुरुवारी बाजाराच्या गर्दीत बोर्ड चढला. लोक थांबून बघू लागले, आणि पिन्हासला धन्य वाटलं.

आठवडाभराने, शुक्रवारी दुपारी, बसस्टँडवरून कोणीतरी त्याला बोलवायला आलं. बोर्डाखाली ट्रक उभा होता. ट्रकवाला खाणीवर खडी वाहणारा, हसरा, मोकळ्या मनाचा माणूस. बॉनेटवर रानशेळी आडवी बांधलेली, मान खाली लोंबकळत होती. पिन्हासला आधी कळेचना की आपण काय बघतो आहोत. वर त्याने रंगवलेले डोळे, खाली तेच डोळे, उघडेच.

"पेंटर तूच ना?" ट्रकवाल्याने त्याचा हात धरून हलवला. "काय पत्ता दिलास राव. शोधावंच लागलं नाही. ये, फोटोत ये."

आणि पिन्हास उभा राहिला. हो, उभा राहिला. ज्याने ओढलं तिकडे गेला. फोटोवाल्याने हसा म्हटलं, तेव्हा तोंडाचं काय झालं त्याचं त्यालाच माहीत नाही.

"हिचं करडू?" त्याने कसंबसं विचारलं.

"ते आईला सोडून हलेचना," ट्रकवाला म्हणाला. "मग तेही घेतलं." त्याने मागची ताडपत्री उचलून दाखवली.

त्या संध्याकाळी जेमायमाने शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याचे, दिवे लावले आणि आशीर्वाद म्हणायला मनुकांच्या शरबताचा पेला पिन्हासच्या हातात दिला. लहानपणापासून तोंडपाठ असलेला तो आशीर्वाद त्याच्या तोंडून फुटेना. जेमायमाने पेला काढून घेतला. काय झालं ते त्याने सांगितलं.

योराम परतला तोवर बोर्ड उतरवलेला होता. पिन्हासने सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं, काही राखलं नाही. योराम दुकानाच्या पायरीवर बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या झऱ्यावर तेवढीच दोन उरली होती," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता तर तुला काढावीच लागतील. सगळी जनावरं."

पिन्हासने काढली. गिधाडं, बिबट्या, हरणं, जे जे संपत चाललं होतं ते सगळं. ती चित्रं शाळांतून लागली, दवाखान्यांतून लागली. एकदा तेल अविवहून चित्रकलेची जाणकार मंडळी दुकानात आली आणि चित्रांपुढे खुळावून गेली. प्रत्येक जनावर कोऱ्या पांढऱ्यावर उभं, खाली माती नाही, बोट दाखवणारा हात नाही, मागे झाड नाही, वर आभाळसुद्धा नाही. ही नवी रीत कुठे शिकलात, त्यांनी विचारलं.

"मला डोंगर काढता येत नाहीत," पिन्हास म्हणाला.

जेमायमा त्यांच्यासाठी चहा घेऊन येत होती. ते ऐकून ती तशीच आत परत गेली.