कार्डात दडलेले फोटो

आलापल्लीच्या बसस्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ होता. तिथे मी कॉम्प्युटरवर बसायचो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. बी.ए. झालं, गडचिरोलीला कॉम्प्युटरचा कोर्स झाला, तरी काम मिळेना. तेव्हा स्टुडिओच्या मालकांनी मला बोलावून खुर्ची दिली. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांचे उपकार मी अजून मानतो. त्याच खुर्चीवर बसून लोकांची बोलणीही बरीच खाल्ली.

भामरागडकडच्या गावांत लग्नाचे फोटो काढायला जायचं तर चाचांची एक रीत होती. मेमरी कार्ड लग्नघरच्यांनी विकत घ्यायचं. चाचा ते कॅमेऱ्यात घालून फोटो काढत आणि निघताना कार्ड त्यांच्याच हातात देऊन येत. लग्नं वैशाखात, मग पाऊस लागला की नाले भरून रस्ता बंद. लोक पार दिवाळीनंतर कार्ड घेऊन यायचे आणि आम्ही फोटो छापून द्यायचो. त्यामुळे आमच्याकडे काहीच राहत नसे. कार्ड नखाएवढं. मधल्या काळात ते घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये जाई. तिकडे टॉवर नव्हता, मोबाइल गाणी ऐकायलाच असे. अर्धं कार्ड रिकामं आहे असं कळलं की लोकांना राहवत नसे. बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात जाऊन उरलेल्या जागेत गाणी भरून आणत. त्या दुकानांतल्या कॉम्प्युटरला साऱ्या तालुक्याची कार्डं लागलेली असत, आणि गाण्यांबरोबर व्हायरसही गावोगाव जाई.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर, एका सकाळी एक भाऊ आणि त्याची बहीण आले. बहिणीचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं, फोटो चाचांचेच. नंतर पावसाळ्यात त्यांचे वडील तापाने गेले. रस्ता बंद होता, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. वडिलांचा दुसरा फोटो घरात नव्हता. मतदार ओळखपत्रावर होता, त्यात नाकडोळेसुद्धा ओळखू येत नव्हते. बहिणीला लग्नातला फोटो हवा होता, आणि कार्डात फोटोच दिसत नव्हते.

भावाने कार्ड काउंटरवर ठेवलं, पण त्यावरचं बोट उचललं नाही. "बाजारातला दुकानवाला म्हणते, फोटोवाल्यानं फोटो काढलेच नाई, खाली कार्ड देल्लं तुमाले. तो म्हणे आण, फार्मेट मारून साफ करून देतो. मी म्हटलं, पयले त्याले विचारून येतो."

चाचांचा चेहरा उतरला. "मांडवात दिवसभर उभा होतो मी," ते म्हणाले. "तुझ्या बापानं स्वतः पान वाढलं मले."

"मंग कुठी गेले फोटो?"

फॉरमॅट मारला असता तर कार्डातलं सगळंच पुसलं गेलं असतं. मी घाईने म्हणालो की फॉरमॅट अजिबात करू नका, मला एकदा पाहू द्या. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कार्ड दिलं, पण काउंटरच्या आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. "तू का करून राह्यला ते मले दिसलं पायजे," म्हणाला.

कार्ड उघडलं तर फोल्डर जागेवर होतं, नेहमीसारखं पिवळं. भाऊ म्हणाला, उघड ना. मी उघडलं नाही. माहिती काढून पाहिली तर ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं सोंग घेतलेला एक लहानसा प्रोग्राम होता. त्यावर क्लिक केलं की व्हायरस आमच्या कॉम्प्युटरवरही पसरला असता. खरं फोल्डर त्याने लपवलं होतं. कार्डाची निम्मी जागा भरलेली दिसत होती आणि गाणी तर थोडीच होती, म्हणजे फोटो आत होते. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवायची खूण मी करून पाहिली, तरी ते दिसेना. मग काळी खिडकी उघडून कोर्समध्ये शिकवलेली आज्ञा टाइप केली. क्षणात खरं फोल्डर पडद्यावर आलं. मी सोंगाड्याला पुसलं, फोटो आधी आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि उघडले. मांडव, हळद, नवरी, सगळं होतं.

मी मागे वळलो. मला वाटलं, तो आता हसेल.

"म्हणजे तुमीच लपवले होते," तो म्हणाला.

मी समजावू लागलो. व्हायरस म्हणजे काय, गाण्यांबरोबर तो कसा येतो, सगळं सांगितलं. जेवढं सांगत गेलो तेवढा तो भडकत गेला. "बाजारातल्या दुकानवाल्याले अर्धा दिवस लागला, त्याले नाई सापडले. तुले बसल्याबरोबर सापडले. काऊन? ठेवणाराले जागा माहीतच राह्यते." आमच्याही गावात हरवलेला बैल कोणी फार लवकर शोधून आणला तर लोक आधी त्याच्याकडेच पाहतात. मी त्याच गावात वाढलो, तरी त्या क्षणी हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी पुन्हा व्हायरसच सांगत राहिलो.

दाराशी दोन-चार लोक जमले. कोणीतरी म्हणालं, छपाईचे जास्त पैसे काढायचे असतील. मी आवाज चढवला आणि म्हणालो, एवढा संशय आहे तर घेऊन जा कार्ड. भावाने खरंच हात पुढे केला.

तेव्हा इतका वेळ बाकावर बसलेली बहीण उठली. "आधी बाबाचा फोटो काढून घे," ती भावाला म्हणाली. "भांडण मंग करजो."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी एकेक फोटो पुढे सरकवत गेलो. वडील कुठेच नीट नव्हते. पोरीच्या लग्नात बापाला उभं राहायला सवड कुठली. एका फोटोत पाठ, एकात पाहुण्यांआड अर्धा खांदा, एकात फक्त वाढणारा हात. ती प्रत्येक वेळी ओळखायची आणि "पुढं" म्हणायची. मागून भाऊही वाकून पाहू लागला. मग एक फोटो आला. पंगतीच्या टोकाला भाताची टोपली घेऊन ते कॅमेऱ्याकडेच पाहत होते, वैतागलेले, जणू चाचांना म्हणताहेत, बाजूला व्हा ना.

"हा," ती म्हणाली.

मी बाकीचं कापून तेवढाच चेहरा मोठा केला आणि आमच्या छोट्या प्रिंटरवर छापला. कागद ओला होता, तिने तो दोन्ही तळहातांवर धरला. मोठा फोटो चंद्रपूरच्या लॅबमधून करून आणू, फोटो दोन दिवस आमच्याकडे राहू द्या, असं चाचा म्हणाले. भाऊ नाही म्हणाला. वर त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "इथी उतरवले ते पुसून टाक. आमचे फोटो तुमच्याजवळ काऊन पायजे?"

मी चाचांकडे पाहिलं. कार्ड पुन्हा गाण्यांच्या दुकानात जाणार, फोटो पुन्हा लपणार, आणि तो दुकानदार या वेळी फॉरमॅट मारणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी ते बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणाला, "आता तू शिकवशील का मले?"

"पुसून टाक," चाचा म्हणाले. "त्याईचे आहेत."

मी त्याच्यासमोर पुसले, कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढले. त्याने पैसे ठेवले, कार्ड घेतलं आणि दोघं भामरागडच्या गाडीकडे गेले. बहिणीने तो फोटो वाळेपर्यंत तसाच समोर धरला होता.

लोक पांगल्यावर मी चाचांना विचारलं, माझं काय चुकलं. ते कॅमेऱ्याची काच पुसत होते. म्हणाले, "तुझं काई चुकलं नाई बेटा. थोडा वेळ लावत जा. इतक्या लवकर सापडलं की लोकाले भरोसा नाई वाटत."

त्या भावाच्या गावातल्या लग्नाचं बोलावणं चाचांना पुन्हा आलं नाही. मी मात्र तेव्हापासून अशी कार्डं हातात घेतली की संध्याकाळी या म्हणायचो. फोटो दुपारच्या आतच सापडलेले असायचे. संध्याकाळी लोक यायचे, आणि मला चहा पाजायचे.