डॉक्टरांनी काढलेली दोन चित्रं

अक्काचं वजन झालं ते साखर कारखान्याच्या काट्यावर. कोपरगावच्या दवाखान्यातल्या काट्याचा दांडा वर जाऊन टेकला तो खाली येईना, आणि पुण्याच्या सर्जनांना तर आकडा हवा होता. मग वडिलांनी, आमच्या तात्यांनी, गाडी जुंपली. अक्का बसलेली गाडी एकदा काट्यावर, अक्काला उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, उसाचं करतात तसंच. कारकुनाने वजाबाकी केली आणि सवयीने मोळ्या बांधायच्या वाढ्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं, वजनही त्यातून कापलं. आजूबाजूचे गाडीवान हसले. अक्काही हसली. "मला कुटं बांधलंया अजून?" म्हणाली. मला मात्र त्या कारकुनाच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

दुष्काळाची वर्षं होती. गावातले निम्मे लोक खडी फोडायला जात होते, सरकारने वाटलेल्या सुकडीवर दिवस काढत होते, आणि आमच्या ओसरीवर ही माझी थोरली बहीण बसलेली. "तुमचं धान्याचं पेव कुटं हाय ते अक्काकडं बघून कळतंय," असं म्हणणाऱ्या बायकांशी मी भांडायचे. नवऱ्याने अक्काला माहेरी आणून सोडलं होतं आणि परत तोंड दाखवलं नव्हतं. तिला आडवं झोपता येत नसे. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि श्वास अडकला की दचकून उठायची. पायांच्या जखमा भरत नव्हत्या. असंच चाललं तर ही फार दिवस काढणार नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तात्यांना सरळ सांगितलं, आणि पुण्याला चिठ्ठी दिली.

पुण्याच्या सर्जनांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. अक्का चार पायऱ्या चढली आणि कठड्याला धरून उभी राहिली. पाचवी काही तिला चढवेना. तात्यांनी तिला खाली बाकावर बसवलं आणि मला म्हणाले, "तू जा वर. तू मास्तरीन, तुला समजंल." म्हणून अक्काच्या पोटात काय करायचं ते अक्का सोडून मी ऐकलं.

सर्जन परदेशात शिकून आले होते. त्यांनी कागदाच्या पाठीवर दोन चित्रं काढली. पहिल्यात आतड्याचा सुरुवातीचा थोडा भाग शेवटच्या थोड्या भागाला जोडलेला, मधलं लांबलचक आतडं बाजूला. खावं तेवढं खाता येईल, अंगी मात्र थोडंच लागेल. वजन भराभर उतरेल. पण दिवसातून आठ-दहा वेळा जुलाब, ते जन्मभर, शिवाय अंगातले क्षार जातील, यकृतही बिघडू शकतं. दुसऱ्या चित्रात पोटाचाच वरचा एवढासा भाग वेगळा करून आतड्याला जोडलेला. मूठभर खाल्लं की पोट भरणार, जास्त खाल्लं की उलटी. वजन सावकाश उतरेल, जुलाबांचा त्रास सहसा नाही, पण ही शस्त्रक्रिया अवघड आणि नवी. "आतड्याची मी जास्त केली आहे," ते म्हणाले, "पण तो माझ्या सोयीचा विचार झाला. पेशंटला दोन्ही नीट समजावून सांगा. तिलाच ठरवू दे."

मी खाली आले. तात्या आवारातल्या लिंबाखाली उभे होते. त्यांना समजावं म्हणून मी कालव्याचं पाणी शेतात आणणाऱ्या आमच्या चारीचं उदाहरण दिलं. आमची जमीन चारीच्या अगदी शेवटाला. कालव्याला पाणी सुटलं तरी वरचेच लोक ते पिऊन टाकायचे, आमच्या वाट्याला ओल यायची तीही पाळी संपताना. मी म्हटलं, पहिल्यात चारी वरच फोडायची आणि पाणी थेट शेवटाला न्यायचं, मधली वावरं कोरडी. दुसऱ्यात चारीचं दारच बारीक करायचं.

तात्यांनी एक क्षणही घेतला नाही. "शेवटाला पानी पोचतंय ना? मंग तेच करायचं. दार कशापायी बारीक करायचं? आदीच लोक उपाशी मरत्यात, त्यात पोरीला घरात असून मूठभर खायला लावायचं व्हय?"

इथे मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी दिलेलं उदाहरण तात्यांच्या आयुष्यभराच्या दुखण्यावर नेमकं बसलं होतं. आणि जुलाबांचं मी काय सांगितलं? "पोट जरा ढिलं राहील." आठ-दहा वेळा हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. वाईट सांगितलं तर तात्या दोन्हींना नाही म्हणतील ही भीती होती, हे मी स्वतःला नंतर कितीदा तरी सांगितलं. अक्का दहा पावलांवर बाकावर पायांकडे बघत बसली होती. तिला आम्ही एवढंच सांगितलं की आपरेशन ठरलं. "तुमी म्हनाल तसं," म्हणाली आणि अंगठा उठवला.

वर्षभरात अक्का दवाखान्याच्या काट्यावर मावली. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे. अक्का आडवी झोपायला लागली, हे खरंच. मीही खुशीत होते.

एकदा शाळा लवकर सुटली. घरी आले तर अक्काची भाकरी फडक्यात तशीच. जेवली का नाहीस विचारलं, तर आधी टाळलं, मग म्हणाली, "दिसा खाल्लं की दिसा बाहीर जावं लागतं."

आमच्याकडे बायका तांबडं फुटायच्या आधी नाहीतर दिवस बुडाल्यावर ओढ्याकडे जायच्या. दुष्काळात ओढ्याची झुडपं सरपणाला गेली होती, उभा ऊस राहिला नव्हता. लांबूनही माणूस दिसायचं. म्हणून वर्षभर अक्का दिवसभर पाणीसुद्धा मोजून पीत होती आणि दिवे लागताना मूठभर खात होती.

मी तात्यांना सांगितलं. त्याच आठवड्यात त्यांनी घरामागे स्वतः खड्डा खणला आणि भोवती पत्रे उभे केले. पण तोवर अक्काचे डोळे पिवळे झाले होते, यकृत बिघडलं होतं. पुन्हा पुण्याला नेलं. सर्जनांनी मला विचारलं, "जुलाबांचं सांगितलं होतंत ना?" मी हो म्हटलं.

परत आल्यावर अक्का ओसरीवर बाजेवर असायची. एका दुपारी मी पेटीतून तो कागद काढला, तिच्याजवळ बसले आणि दोन्ही चित्रं तिला पहिल्यांदा दाखवली. जे सर्जनांनी मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, काही न गाळता. तिने बराच वेळ कागद बघितला. मग दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

"ह्याच्यात बाहीर कितींदा जावं लागतं?"

"नेहमीसारखंच," मी म्हटलं.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.