अण्णांना पाठवलेलं काळं चित्र

अर्धांगवायूच्या झटक्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वाचा गेली आणि आमचं फोनवरचं बोलणं संपलं. मी पुण्याजवळ चिखलीत, ते बीडकडे गावाला धाकट्या भावाजवळ. मी इकडून बडबडायचे, तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. लिहिता-वाचता त्यांना आधीपासूनच येत नव्हतं. मग मी रोज एक चित्र काढून पाठवायला लागले. आज भाजी काय केली, गॅलरीत कुठलं पाखरू आलं, असलंच काहीतरी.

चित्रकलेत मी दिव्यच. त्यात काढायचं ते निघोज्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, मोबाईलवर, बोटानं. आधी एक भारी ॲप घेतलं. त्यात ब्रशच इतके, की निवडता निवडता कंपनीचं गेट यायचं. अरे, मला एक वांगं काढायचंय, लग्नाचा मांडव नाही रंगवायचा! काढून टाकलं मेलं. शेवटी एक साधंसुधं सापडलं. पेन्सिल, खोडरबर आणि मोजके रंग, बास. स्पीडब्रेकर आला की माझ्या चित्रातल्या बाईला तिसरा हात फुटायचा, पण चालायचं.

अण्णांकडून मात्र काहीच यायचं नाही. भावाला विचारलं तर म्हणायचा, "बघत्यात की ताई." पण कसं बघतात, हसतात का, चित्र मी काढलंय हे तरी कळतं का, कोण सांगणार? फार एकटं वाटायचं तेव्हा. आपण भिंतीशी बोलतोय असं वाटायचं.

एकदा कंपनीत लाइनवर माझ्या शेजारी काम करणाऱ्या पोरीनं बसमध्ये चित्र बघितलं. म्हणाली, "ताई, तुम्ही जेपीजी पाठवता, ते जाताना आणखी दाबलं जातं, म्हणून रेषा फुटतात. पीएनजी करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा." म्हटलं बरंय, अण्णांची नजर अधू, त्यांना स्वच्छ दिसेल. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. पण पीएनजी करताना चित्रामागचा पांढरा कागद काढून टाकायचं एक बटण होतं, ते माझ्याकडून दाबलं गेलं. ॲपमध्ये मला सगळं नीटच दिसत होतं. चित्र पाठवलं, गेटवर फोन जमा केला, कारण कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, आणि कामाला लागले.

शिफ्ट सुटल्यावर बघते तो भावाचे ढीगभर मिस्ड कॉल. लावला फोन.

"ताई, बरी हायेस ना गं तू?" भाऊ ओरडलाच. "सकाळी तुझं चित्र नुसतं काळंकुट्ट आलं. तुझा फोन बंद, दाजींचा लागंना. अण्णा काठी घेऊन सरळ फाट्यावर जाऊन बसले. आता यष्टीत बसलोत, नगर मागं गेलं."

भावाच्या फोनवर चित्र उघडलं की मागं काळा पडदा येतो; पांढरा कागदच नाही म्हटल्यावर त्यावर माझ्या नुसत्या काळ्या रेघा कुठून दिसणार? रोज चित्र येतं आणि आज नुसता अंधार. लेकीचं काही बरंवाईट झालं, असंच धरलं त्यांनी.

"त्यांच्या कानाला लाव," म्हटलं. "अण्णा, मी अगदी बरी आहे हो! माघारी जा, एवढा प्रवास झेपायचा नाही तुम्हाला." तिकडून श्वास. मग भाऊ म्हणाला, "मान हलवत्यात. न्हाई म्हणत्यात."

दिवेलागणीला ते दारात आले. झटक्यापासून अंगणाच्या पुढं न गेलेला माणूस भावाच्या आधारानं जिना चढून आला होता. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि धड राहिलेल्या डाव्या हातानं माझ्या गालावर एक चापट मारली. लहानपणी मी जत्रेत हरवून सापडले होते, तेव्हा मारली होती तशी. बोलता येत असतं तर शिव्याही घातल्या असत्या.

हात त्यांनी गालावरून काढलाच नाही. "मारा अण्णा, अजून मारा," मी म्हणाले, आणि दारातच हमसून हमसून रडले.