पप्पांची गाडी माझ्या हातात आली तेव्हा...

काल संध्याकाळी मानखुर्दला, आमच्याच घरात, मी पहिल्यांदा गाडी चालवली. टीव्हीवरची... पण घाम खरा आला.

माझ्या भावाने माझ्या मुलीला, स्वराला, टीव्हीला लावायचा रेसचा गेम दिलाय. जुन्या टाइपचा, झाडंपण चौकोनी आणि डोंगरपण चौकोनी. भाऊ बोलला, ताई, हे रेट्रो आहे. मी बोलले, जुनंच ना रे, मग तसं बोल की.

त्यात गाड्या एकेक... काही चपट्या, जमिनीला पोट घासत जाणाऱ्या, त्या सुपरकार. काही लांब तोंडाच्या, रेड्यासारख्या, त्या मसलकार. एकीचं तर इंजिन बोनेट फाडून वर आलेलं. मी बोलले, हिला गॅरेजला का नाही टाकत? स्वरा बोलली, मम्मी, ती स्टाइल आहे.

स्वराने तीच घेतली. ड्रायव्हरचं नाव टाकायचं होतं, तर तिने टाकलं पप्पा. मग गाडी जाईल तिकडे डोक्यावर लिहिलेलं दिसतं... पप्पा.

आता तिचे पप्पा खरंच टॅक्सी चालवतात. पार्ल्याला एअरपोर्टची भाडी मारतात. मी आधीच घाबरट, ते ड्युटीवर असले की खाली कोणी जोरात ब्रेक मारला तरी मी खिडकीकडे धावते. ते निघताना आम्ही कोणी ‘जा’ बोलत नाही, ‘या’ बोलतो. मागून हाक मारायची नाही. आणि गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शप्पथ तर मीच घातलीय.

काल दिवे लागले तरी आले नाहीत. फोन केला... उचलला नाही. परत केला, नाही. आता शप्पथ पाळतायत की काय झालंय, कसं कळणार?

आणि इकडे स्वरा पप्पांना धडाधड ठोकतेय. झाडावर, खांबावर, कठड्यावर... गाडी उलटीपालटी होते आणि परत रस्त्यावर येते.

सासूबाई मालवणच्या. भाजी निवडता निवडता बघत होत्या, त्या उखडल्या. "गो, माझ्या झिलाचा नाव तेच्यात कित्याक घातलंस? काढ आधी!"

"आजी, रेस संपली की काढते ना!"

आणि नेमकी तेव्हाच तिला शू लागली. "मम्मी धर, ठोकू नको हां," बोलली, रिमोट माझ्या हातात कोंबला आणि पळाली बाथरूममध्ये. गेम थांबवायचं बटण असतं हे मला आज सकाळी कळलं. काल माझ्या हातात गाडी होती, आणि गाडीत पप्पा होते.

मी काय केलं... एकदम हळू घेतली. मागून लाल चपटी गाडी आली, मी साइड दिली. पिवळी आली, तिलापण दिली. सासूबाई बोलतायत, "हां, तसाच, हळू हाक गो." आमचं दोघींचं एवढं कधीच जमलं नव्हतं.

तर आतून स्वरा ओरडली, "मम्मी, फास्ट घे! वरचा टाइम संपला की गेम ओव्हर!"

वर बघितलं तर आकडे भराभर उतरतायत. वाट लागली! फास्ट घेतली तर पप्पा ठोकणार, हळू घेतली तर पप्पा टाइम संपून जाणार. मी देवाचं नाव घेतलं आणि दाबलं बटण. गाडी अशी सुटली की मीच सोफ्यावर एका बाजूला कलंडले...

मागून आवाज आला, "अगं, वळणावर सोड की जरा, सोड!"

मी वळूनपण बघितलं नाही. बोलले, "गप बसा हो तुम्ही! तुम्हालाच वाचवतेय इकडे!"

आणि टाइम संपला. मला इंग्लिश अक्षरं जुळवून जुळवून वाचता येतं, पण हे लगेच वाचलं. मोठ्या लाल अक्षरात... पप्पा, गेम ओव्हर.

मी जी किंचाळले! सासूबाईंच्या मांडीवरची भाजी उडाली. आणि मागे हे उभे, डब्यातला चिवडा खात. "गेलो काय मी?"

मी रिमोटच मारला त्यांच्या पोटावर, आणि मग रडायला लागले. "फोन का नाही उचलला?" तर बोलले, "सीएनजीची लाइन होती, गाडी पुढे पुढे घेत होतो. चालवताना उचलायचा नाही ना? तुझीच शप्पथ."

स्वरा बाहेर आली. मी तिला बोलले, पहिलं ते नाव बदल, माझं टाक. मी घरातच असते, मला काय होणार.

तर सासूबाई खाली बसून भाजी गोळा करत होत्या. मान वर न करता बोलल्या, "तिचा नको. तिच्या पदरात ल्हान चेडू आसा. माझा घाल."

ह्यांचा चिवडा हातातच राहिला. ही तीच बाई, जी माझ्या चहाला रोज नावं ठेवते... मी पण त्यांच्याबरोबर खाली बसून भाजी उचलायला लागले.

आज शाळेतून आल्यापासून स्वरा खेळतेय. गाडीवर लिहिलंय आजी. सासूबाई किचनमधून विचारतात, "मेलंय काय गो मी?" स्वरा ओरडते, "हो आजी, आत्ताच!" "बरा झाला. चाय टाकतंय, कोणाक होयी?"

हे अजून आलेले नाहीत. मी घाबरलेली आहेच... पण आज फोन हातात घेऊन बसले नाहीये. सासूबाईंच्या हातचा चहा पितेय. माझ्यापेक्षा चांगला करतात, खरंच.